परसबाग : कुंपणाला करवंदीची जाळी

लिंबावरील मागील लेख वाचून काही वाचकांची पत्रे आली. त्यांपैकी एका भगिनींचे पत्र विशेष विचार करावयास लावणारे होते. त्यांच्या कुटुंबाने गावाबाहेर जागा घेऊन टुमदार घर बांधले आहे. कुंपणासाठी त्यांना असे झाड हवे आहे की जे गुरे खाणार नाहीत, ज्याला उन्हाळ्यात टँकरचे पाणी लागणार नाही आणि ज्याचे फळ घरात उपयोगी पडेल. अशा तीन अटी घालून त्यांनी पुढे चौथी, किंचित संकोचाने लिहिली आहे : काटेरी झाड घराजवळ लावलेले सासूबाईंना मुळीच चालणार नाही.

पहिल्या तीन अटी वाचताना मनात एकच नाव आले, आणि चौथ्या अटीने तेच नाव खोडून टाकले. ते नाव करवंदाचे. तरीही आजचा लेख करवंदावरच लिहीत आहे. सासूबाईंच्या शंकेचा विचार ओघात करूच.

करवंद आपल्याला नवीन नाही. उन्हाळ्यात घाटातून प्रवास करताना पानांच्या द्रोणात 'डोंगराची काळी मैना' विकत घेतली नाही असे मराठी कुटुंब विरळा. फळ फोडावे, आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळही आपण सगळे खेळलो आहोत. परंतु हे झुडूप कोणी हौसेने आपल्या अंगणात लावलेले आपण किती ठिकाणी पाहिले आहे? डोंगरावर आपोआप उगवते, म्हणून ते लावण्याची वस्तू नव्हे, असा काहीसा समज झाला आहे. संस्कृतात त्याला करमर्द म्हणतात. गुजरातीतील करमदां आणि हिंदीतील करौंदा ही त्याचीच रूपे. अमरकोशात त्याचे आणखी एक नाव येते, कृष्णपाकफल, म्हणजे पिकल्यावर काळे होणारे फळ. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास. कण्हेर, तगर, चाफा आणि सदाफुली ही त्याची कुळातील भावंडे. या कुळाची खूण म्हणजे पान तोडताच येणारा पांढरा चीक. कण्हेर विषारी आणि तिचे सख्खे भावंड असलेले करवंद मात्र मुलांच्या खिशातले फळ, ही निसर्गाची गंमतच म्हणावयाची.

काटे मात्र गमतीचे नाहीत. पानांच्या बगलेत जोडीजोडीने येणारे, कित्येकदा टोकाशी दुभंगलेले, चांगले बोटाच्या पेराएवढे आणि त्याहूनही लांब असतात. गुरे, शेळ्या आणि भुरटे चोर, तिघेही त्यापासून दूर राहतात. कुंपण म्हणून त्याची योग्यता एवढ्यातच सिद्ध होते.

आता चौथ्या अटीकडे वळू. सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराजवळच्या झाडांसंबंधी जे सांगितले आहे त्याचा आशय असा, की काटेरी झाड घराजवळ असल्यास शत्रूचे भय, चिकाचे झाड असल्यास धननाश आणि फळाचे झाड असल्यास संततीचा क्षय. व्यापारी घराने यातील मधले फळ वाचले की पुढे बोलणेच खुंटते! करवंद तर तिन्ही दोषांचे धनी : काटेरी, चिकाचे आणि फळाचेही. परंतु त्याच ग्रंथात लगेच पुढे उपायही दिला आहे. अशी झाडे तोडावयाची नसतील तर त्यांच्या मधोमध शुभ झाडे लावावीत. आणि त्या शुभ झाडांच्या यादीत अशोक व बकुळ यांच्याबरोबर शमी आणि फणसही आहेत. शमी काटेरी आहे. फणसाला फळ आहे आणि चीक तर असा की हात धुता धुता पुरेवाट होते. म्हणजे खुद्द ग्रंथकारालाही ही निषेधाची रेषा फार ताणावयाची नव्हती, असे मानण्यास जागा आहे. आपल्या परंपरेचेच पाहावयाचे तर भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले ते वटवृक्षाखाली, आणि वडाइतका चिकाचा वृक्ष दुसरा कोणता? शिवाय अंगणातल्या गुलाबाला आणि लिंबाला काटे नसतात काय? माझे मत विचाराल तर सासूबाईंच्या शब्दाचा मान राखून करवंद दारासमोर लावू नये, घराला खेटूनही लावू नये. ते हद्दीवर लावावे आणि फाटकापाशी एक बकुळ लावावी. ग्रंथाचेही मन राखले जाईल आणि कुंपणही होईल.

करवंदाच्या कुंपणाचा इतिहासातही एक मोठा दाखला आहे, आणि तो व्यापाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावर जबर कर बसविला. जेथे मीठ स्वस्त होते तेथून ते चोरट्या मार्गाने करवसुलीच्या मुलखात येऊ नये, म्हणून देशाच्या आरपार जकातीची एक नाकेबंदी उभी केली गेली. वायव्येला सिंधू नदीपासून निघून, खानदेशालगतच्या बऱ्हाणपुरावरून वळसा घेत ती थेट पूर्वेकडे महानदीच्या प्रदेशापर्यंत जात असे. लांबी दोन हजार मैलांहून अधिक, आणि पहाऱ्याला हजारो माणसे. या रेषेवर प्रथम वाळलेल्या काट्यांची वई रचली जाई. पण वाळवी, आग आणि वादळ यांनी ती टिकेना. तेव्हा जिवंत कुंपण लावण्याचा उद्योग सुरू झाला. १८६७ ते १८७० या काळात जकात खात्याचे प्रमुख असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्यात विशेष लक्ष घातले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. त्या कुंपणात बोर, बाभूळ, निवडुंग यांच्या जोडीला करवंदही होते. काही ठिकाणी कुंपणाची उंची बारा फुटांपर्यंत गेली होती. १८७९ मध्ये नाकेबंदीचा बहुतेक भाग सरकारने उठविला आणि ते कुंपण हळूहळू विस्मृतीत गेले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने त्याचा माग काढत हिंदुस्थानभर भटकंती केली आणि २००१ मध्ये त्यावर एक पुस्तक लिहिले. गरिबाच्या ताटातल्या मिठावर पहारा करण्यासाठी करवंदाला राबविले गेले, हे वाचून मन विषण्ण होते. पण एवढ्या कामासाठी सरकारने निवडलेल्या मोजक्या झाडांत त्याची गणना झाली, यावरून त्याची ताकद कळते.

आज आपण कुंपण म्हटले की काटेरी तार आणतो. ही तार अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने आपल्या पद्धतीने सुधारून १८७४ मध्ये तिचे पेटंट मिळविले. त्याआधी तिकडचे शेतकरीसुद्धा ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची कुंपणे करीत असत. झाड वाढण्याइतका धीर कोणाला उरला नाही, तेव्हा लोखंडाचे काटे आले. झाडाच्या काट्यात आणि तारेच्या काट्यात एक महत्त्वाचा फरक आहे. गायीला करवंदाची दाट, हिरवी जाळी दुरून दिसते आणि ती तेथूनच वळते. तार तिला दिसत नाही. बिथरलेले जनावर तारेत शिरते, कातडे फाटते आणि जखम चिघळते. आपल्या समाजातील अनेक घरे पांजरपोळ आणि गोशाळा चालविण्यास हातभार लावतात. जखमी जनावरांच्या उपचारासाठी आपण देणगी देतो आणि त्याच संस्थेच्या कुरणाभोवती काटेरी तार ओढण्यासाठीही देणगी देतो, हे जरा नवल आहे. ज्यांच्या शब्दाला अशा संस्थांच्या विश्वस्त मंडळात वजन आहे त्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी हा विषय काढून पाहावा. तीन-चार वर्षे तार आणि करवंद शेजारी शेजारी राहू द्यावे. जाळी भरली की तार काढून घ्यावी.

लागवडीचा भाग फार अवघड नाही. त्यात दोन-तीन गोष्टी मात्र नेमक्या सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट बियांची. करवंदाचे बी ठेवणीचे नव्हे. वाळवून डबीत भरून ठेवले की त्याची उगवण्याची शक्ती झपाट्याने कमी होते. म्हणून मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी पूर्ण पिकलेले, काळेभोर फळ घ्यावे, गर चोळून बी धुवावे, एक दिवस सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन लहान पिशव्यांत अर्धा इंच खोल बी घातले की दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पुढे मात्र धीर हवा. पहिले वर्षभर रोप इतके सावकाश वाढते की अधीर माणूस त्यावर पाणी सोडून देईल. ही रोपे पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावीत. ज्यांना घाई आहे त्यांनी पावसाळ्यात जुन्या झुडपाच्या फांदीवर गुटी बांधावी. नुसते छाट कलम सहसा मुळे धरीत नाही.

कुंपणासाठी हद्दीवर दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणावा, त्यात पालापाचोळा व शेणखत मिसळलेली माती भरावी आणि तीन-तीन फुटांवर रोपे लावावीत. जमीन मुरमाड असली तरी चालते, खडकाळ असली तरी चालते. पाणी तुंबणारी मात्र चालत नाही. रोप फूटभर उंच झाले की शेंडा खुडावा. हे काम कोणी मनावर घेत नाही, आणि कुंपणाचे सारे यश त्यावरच असते. शेंडा खुडला म्हणजे बुडाशी फांद्या फुटतात आणि जाळी जमिनीपासून भरत येते. खुडला नाही तर झुडूप वर पसरते, खाली मोकळी वाट राहते आणि कुत्री त्यातून आरामात ये-जा करतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. त्यानंतर जमिनीतल्या करवंदाला आपल्या पाण्याची गरज उरत नाही.

छाटणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच एका मुद्द्यावर सोसायट्यांतील करवंदे वांझ ठरतात. करवंदाचे फूल फांदीच्या शेंड्याला येते. माळ्याने मेंदीच्या कुंपणाप्रमाणे महिन्या-महिन्याला कात्री चालविली की प्रत्येक वेळी येऊ घातलेला फुलोराच कापला जातो. वर्षातून एकदाच, फळे संपल्यावर, जूनमध्ये छाटावे. त्यानंतरच्या नव्या फुटीला पुढील बहर येतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून शुभ्र, चांदणीसारख्या पाच पाकळ्यांची फुले येऊ लागतात. त्यांचा वास जाईची आठवण करून देणारा, पण तिच्याहून सौम्य. छाटणीपूर्वी जाळीत डोकावून पाहण्यास विसरू नये. बुलबुल काट्यांच्या आश्रयाने घरटे करतो. घरटे दिसल्यास तेवढा भाग पिले उडून जाईपर्यंत तसाच ठेवावा. कुंपण चार आठवडे वेडेवाकडे दिसल्याने काही बिघडत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. भरपूर ऊन असलेल्या गच्चीत अर्ध्या पिंपात किंवा दीड फूट व्यासाच्या कुंडीत करवंद उत्तम राहते. फक्त कुंडीतल्या झाडाला डोंगरावरच्या झाडाइतके स्वावलंबी समजू नये. फळ धरल्यावर, म्हणजे मार्च ते मे, रोज पाणी हवे, नाहीतर कोवळी फळे गळतात. आणि घरात लहान मूल रांगते असेल तर कुंडी त्याच्या वाटेत नको, हे सांगावयास नकोच.

किडीचा उपद्रव थोडा. कधीतरी एक जाडजूड हिरवी अळी पाने खाताना दिसेल; डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. कण्हेर आणि तगर यांवरही ती येते. ही हिरव्या रंगाच्या एका देखण्या पतंगाची अळी आहे. तिला घाबरून विषारी फवारा आणू नये. एवढ्या मोठ्या झुडपाची दहा-वीस पाने गेली तर त्याचे काहीच जात नाही, आणि काही दिवसांत अळी आपोआप खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. त्या दिवसांत बुडाशी खुरपणी करू नये, एवढी दया पुरेशी आहे. पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या हलक्या धारेने फांदी धुवावी आणि झुडूप आतून थोडे मोकळे करावे. हवा खेळली की त्याचे फावत नाही.

रोपवाटिकेतून रोप घेणार असाल तर एक सावधगिरी. गोलसर, चकचकीत पानांचे शोभेचे झुडूप 'करवंद' म्हणूनच विकले जाते. ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळकडचे कॅरिसा मॅक्रोकार्पा. त्याचे मोठे लाल फळ पिकल्यावर खाता येते, पण आपल्या करवंदाची आंबटगोड चव त्याला नाही. सुधारित जातींपैकी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' मोठ्या फळाची आहे. पंतनगरच्या विद्यापीठाच्या 'पंत मनोहर' आणि 'पंत सुदर्शन' या जातींची फळे पांढऱ्यावर गुलाबी छटेची, दिसायला फार सुंदर. ती लोणच्याला आणि भाजीला चांगली. नुसते खाण्यासाठी डोंगरी काळे करवंदच खरे.

आता स्वयंपाकघरात जाऊ. हिरवे करवंद चिरण्यापूर्वी हाताला आणि सुरीला तेलाचे बोट लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. चिरलेल्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्या की उरलेला चीकही निघून जातो. राजस्थानातून आलेल्या घरांना करौंदा-मिरचीची ओळख करून देण्याची गरज नाही : तेलात मोहरी, बडीशेप, हिंग, मग बिया काढलेली करवंदे आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या, हळद, मीठ, थोडा गूळ, पाच-सात मिनिटांत भाजी तयार. कांदा-लसणाची आठवणही होत नाही असा हा पदार्थ आहे. गुजराती घरांतील करमदांचे अथाणुं तर प्रसिद्धच. लोणच्याच्या बाबतीत ओलावा, उन्हे दाखविणे आणि मुदत यांचे जे नियम ज्या घरात पाळले जातात ते तसेच पाळावेत. करवंदात चपट्या, मोजता येण्याइतक्या बिया असतात. बहुबीजासंबंधी ज्यांच्या मनात प्रश्न येईल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावे, बागेच्या लेखकाला नव्हे.

ज्या एका पदार्थासाठी आपल्या घरांनी करवंद लावावेच असे मला वाटते तो म्हणजे जेली. मुलांना जेली हवी असते, आणि बाजारातील पुष्कळशी जेली जिलेटिन घालून घट्ट केलेली असते. हे जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून काढतात. त्यामुळे माता पाकिटे उलटसुलट करून बारीक अक्षरे वाचत बसतात. करवंदात पेक्टिन भरपूर असते, विशेषतः अर्धवट पिकलेल्या फळात. निम्मी लालसर आणि निम्मी काळी करवंदे बुडतील एवढ्या पाण्यात वीस मिनिटे शिजवावीत. फडक्यात बांधून रस आपोआप गळू द्यावा. पिळल्यास जेली गढूळ होते. जितका रस त्याच्या पाऊणपट साखर घालून उकळावे, आणि थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने सरकवताच सुरकुतला की उतरवावे. दुसरे काहीही न घालता ती थरथरती, माणकासारखी लाल जेली घट्ट बसते.

ज्यांची बेकरीची किंवा सुक्या मेव्याची पेढी आहे त्यांना पुढील गोष्ट ठाऊक असेल, इतरांना नवल वाटेल. केकवर, आइस्क्रीमवर आणि मसाला पानाच्या टोकाला जी लालभडक 'चेरी' मिळते, ती आपल्याकडे पुष्कळदा चेरी नसून करवंदच असते. बी काढावयाचे, मूळ रंग उडवावयाचा, वरून लाल रंग द्यावयाचा आणि साखरेच्या पाकात मुरवावयाचे. डोंगरावर द्रोणाने विकले जाणारे फळ शहरात येऊन परदेशी नावाने विकले जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती पत्र पाठविणाऱ्या भगिनींपुरती नाही. लोणावळा, मुळशी, इगतपुरी या बाजूंना आपल्यापैकी अनेकांनी अलीकडे जागा घेतल्या आहेत. जागा ताब्यात आली की पहिले काम जेसीबी लावून झुडपे साफ करण्याचे होते, आणि त्या झुडपांत बहुधा करवंदीच्या जुन्या जाळ्या असतात. त्या जाळीच्या पोटात शेळ्यांपासून वाचलेली मोठ्या झाडांची रोपटी वाढत असतात, ससे दडलेले असतात. तेथील आदिवासी भगिनी याच जाळ्यांवर उन्हाळ्याचे दोन महिने चार पैसे मिळवितात. सपाटीकरणाचा ठेका देण्यापूर्वी एकदा स्वतः जागेवर फिरावे, हद्दीवरच्या जाळ्यांना चुन्याने खूण करावी आणि त्यांना हात लावू नये असे ठेकेदाराला लेखी द्यावे. त्यांच्यामधील रिकाम्या जागा तेवढ्या रोपांनी भरून घ्याव्या लागतील. निम्मे कुंपण तयारच मिळाले असे समजावे.

बियांसाठी कोठे जावे, असेही त्या भगिनींनी विचारले आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घाटातल्या विक्रेतीकडून दोन द्रोण घ्यावेत, एक खाण्यासाठी आणि एक पेरण्यासाठी. पेरण्याचा द्रोण तिलाच निवडून मागावा. कोणत्या जाळीचे फळ गोड आणि कोणत्या जाळीचे टपोरे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. भाव करू नये.